तीन सोनेरी मुकुट: ग्रँट आडनावावरील फलकाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

मुंबई इलाख्यात ज्यांची नावे रस्त्यांना, संस्थांना आणि ग्रंथांना कायमची जोडली गेली, अशा स्कॉटिश घराण्यांवरील माहितीफलकांचे काम आजपासून हाती घेतले. पहिला फलक ग्रँट या आडनावाचा असेल. मुंबईत ग्रँट रोड आहे, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ तर मराठी वाचकाच्या ओळखीचे आणि भांडणाचेही आहेत. यांतील पहिली दोन नावे एकाच माणसाची, मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांची आहेत. ग्रँट डफ मात्र वेगळ्या शाखेतील.

फलकाच्या आराखड्यात वरच्या कोपऱ्यात ‘घराण्याचे चिन्ह’ या मथळ्याखाली एक चौकट मोकळी ठेवली आहे. भेटवस्तूंच्या दुकानांत ग्रँट आडनावाखाली जे चिन्ह सर्रास विकले जाते, ते म्हणजे पट्टा आणि बकल यांच्या वर्तुळात पेटलेली टेकडी. ते उचलून चौकटीत बसवणे सोपे आहे, परंतु ते चिन्ह नेमके कोणाचे आणि या दोघांपैकी कोणाला लागू पडते, हे ठरल्याशिवाय चौकट भरायची नाही, असे आज ठरवले.

७ जून

आडनावाच्या सर्वांत जुन्या नोंदी पाहिल्या. १२५८मध्ये उत्तर स्कॉटलंडमधील मरे प्रांताचा बिशप आणि जॉन बिसेट यांच्यात झालेल्या एका करारावर ‘ग्रँट म्हणविले जाणारे’ लॉरेन्स आणि रॉबर्ट यांची साक्ष आहे, आणि १२६३च्या सुमारास हाच लॉरेन्स इन्व्हर्नेसचा शेरीफ म्हणून आढळतो. म्हणजे डोंगराळ उत्तरेत राजाची सत्ता चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदावर हे कुटुंब तेराव्या शतकाच्या मध्यालाच पोहोचले होते. १२९६मध्ये डनबारच्या लढाईत इंग्रजांनी पकडलेल्या स्कॉटिश सरदारांतही जॉन आणि रँडॉल्फ हे दोन ग्रँट आहेत.

जुन्या कागदांत नाव बहुधा ‘ल ग्रँट’ असे येते. नॉर्मन फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ थोर किंवा थोराड, अंगापिंडाने मोठा. एखाद्या धिप्पाड पूर्वजाला चिकटलेले हे विशेषण पुढे आडनाव झाले, असा सरळ अर्थ लागतो. गावाच्या नावावरून आलेले आडनाव असते, तर त्यापूर्वी ‘चा’ या अर्थाचा ‘द’ हा शब्द नियमाने आला असता. तो कधी कधी येतोही, पण लेखनिकांच्या सवयीने आलेला वाटतो. नॉर्मन उगमाला आणखी एक आधार आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरमध्ये ग्रँट आणि बिसेट या कुटुंबांच्या जमिनी शेजारी होत्या आणि त्यांच्यात सोयरिकी झाल्या होत्या. बिसेट उत्तरेत इन्व्हर्नेसच्या परिसरात मोठे जमीनदार होते. १२४२मध्ये ॲथॉलच्या तरुण अर्लच्या, म्हणजे तेथील सरदाराच्या, खुनाच्या आरोपावरून त्या घराण्यातील प्रमुखांना स्कॉटलंड सोडावे लागले. बिसेटांच्याच बरोबर किंवा मागोमाग ग्रँट उत्तरेत आले, हे अनुमान १२५८च्या करारातील बिसेट नावामुळे अधिक भक्कम होते.

याच्या शेजारी कुलकथा ठेवून पाहिल्या. एका कथेत हे कुळ नॉर्स आहे. दुसरीत ते स्ट्रॅथस्पेमधील मूळचे गेलिक लोक असून त्यांचे नाव ॲव्हिमोरजवळच्या सूर्याच्या माळावरून पडले आहे. तिसरी कथा सर्वांत भारदस्त: नवव्या शतकातील राजा केनेथ मॅकअल्पिन याच्या वंशातून मॅकग्रेगर, मॅककिनन, मॅकनॅब अशी जी कुळे निघाली, त्यांतलेच एक ग्रँट. ग्रँटांचे कुलचिन्ह असलेल्या ढालीवर तीन मुकुट असल्यामुळे ही कथा लोकांच्या गळी सहज उतरते. अठराव्या शतकात ग्रँट आणि मॅकग्रेगर यांच्या प्रमुखांनी एकत्र बसून दोन्ही कुळे एका नावाखाली आणण्याची बोलणी केली आणि मुख्य कोणी व्हायचे यावरून ती फिसकटली, अशी परंपरा आहे. तपशील कितीही रंगवलेला असो, शेवटी घोडे कुठे अडले असेल याबद्दल परंपरेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

फलकावर नॉर्मन उगम मुख्य मजकुरात राहील आणि अल्पिनची कथा ‘कुळात सांगितली जाणारी कथा’ म्हणून एका वाक्यात येईल.

१२ जून

जमिनीचा भाग. तो आटोपशीर ठेवायचा आहे, कारण फलकावर जागा थोडी आहे.

स्पे नदीच्या खोऱ्यातील स्ट्रॅथस्पे हा ग्रँटांचा मुख्य प्रदेश. पंधराव्या शतकात फ्रूखीची जमीन सर डंकन ग्रँट याच्या ताब्यात होती आणि तेथील किल्ला पुढे कॅसल ग्रँट म्हणून ओळखला जाऊ लागला. १५०९मध्ये चौथ्या जेम्स राजाने लॉख नेसच्या काठावरचा अर्कहार्ट किल्ला आणि भोवतालची जमीन फ्रूखीच्या जॉन ग्रँटला दिली. त्यामुळे कुळाचा पसारा स्पेच्या खोऱ्यापासून दूर पश्चिमेला ग्लेनमॉरिस्टन आणि ग्लेन अर्कहार्टपर्यंत गेला, आणि या दोन टोकांमधील अंतर पुढे राजकारणातही दिसले. १६९४मध्ये राजा विल्यम आणि राणी मेरी यांनी लुडोविक ग्रँटच्या जमिनींना ‘रिगॅलिटी’चा दर्जा दिला. त्या दर्जामुळे जमीनदाराला आपल्या हद्दीत जवळजवळ राजासारखा न्यायाधिकार मिळे. त्यानंतर कुलप्रमुख ‘फ्रूखीचा ग्रँट’ न म्हणवता ‘ग्रँटचा ग्रँट’ म्हणवू लागला. १७६५मध्ये सर जेम्स ग्रँट यांनी वसवलेले ग्रँटाउन हे आखीव गाव आजही स्पेच्या काठी आहे.

आडनावावरून जमिनीला नाव पडले आणि त्या जमिनीवरून पुन्हा कुलप्रमुखाची उपाधी बनली, हा उलटा प्रवास फलकावर अवश्य यावा.

१९ जून

आज ढाल. चित्रकाराला द्यायचे शास्त्रोक्त वर्णन, ज्याला ब्लेझन म्हणतात, ते एका ओळीचे आहे: लाल क्षेत्रावर तीन सोनेरी प्राचीन मुकुट, वर दोन आणि खाली एक. ब्लेझनमध्ये लालाला गूल्झ आणि सोन्याला ऑर म्हणतात. छटा सांगितलेली नसते, त्यामुळे शेंदरी असो की रक्तवर्णी, चित्रकाराला मोकळीक आहे. मात्र ‘प्राचीन’ या विशेषणाबाबत अजिबात मोकळीक नाही. प्राचीन मुकुट म्हणजे साध्या कड्यावर उभे राहिलेले टोकदार त्रिकोणी सुळके. राजघराण्याच्या मुकुटासारखी वरची कमान, मखमली टोपी किंवा मोत्यांची रांग येथे काढली, तर ती ग्रँटांची ढाल राहत नाही.

हे मुकुट कोठून आले, हा खरा रसाचा प्रश्न आहे. अल्पिनच्या राजवंशाची खूण म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते, परंतु ढालीवरील मुकुटाचा अर्थ नेहमी राजरक्त असाच नसतो. शेजारच्या लोव्हॅट फ्रेझर घराण्याची ढाल पाहिल्यावर मला दुसरा धागा अधिक पटला. त्यांच्या ढालीचे चार भाग आहेत: पहिल्या आणि चौथ्या भागात निळ्यावर तीन रुपेरी स्ट्रॉबेरीची फुले, जी फ्रेझर नावाशी श्लेष साधतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात मात्र रुपेरी क्षेत्रावर तीन लाल प्राचीन मुकुट. आकृती तीच, रंग वेगळे. लोव्हॅट फ्रेझरांकडे इन्व्हर्नेसजवळच्या एअर्ड भागातील ज्या जमिनी आल्या, त्या पूर्वी बिसेटांच्या होत्या, आणि ग्रँट उत्तरेत आले तेही बिसेटांच्या ओळखीने. एकाच जुन्या आश्रयाशी संबंध असलेल्या दोन घराण्यांच्या ढालींवर तीच तीन चिन्हे असावीत, हा केवळ योगायोग मानणे मला जड जाते. तरीही हे माझे अनुमान आहे. फलकावर ते जाणार नाही, या नोंदीतच राहील.

ढालीच्या दोन्ही बाजूंना तिला धरून उभे असलेले दोन रानटी पुरुष आहेत. युरोपातील ढालींवर असे रानपुरुष पुष्कळ आढळतात, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवला नाही.

२० जून

पेटलेल्या टेकडीविषयी. शिरस्त्राणावर जे चिन्ह काढतात त्याला क्रेस्ट म्हणतात; ग्रँट कुलप्रमुखाचा क्रेस्ट म्हणजे ज्वाळांनी वेढलेली टेकडी आणि ब्रीद ‘स्टँड फास्ट’, म्हणजे ‘पाय रोवून उभे राहा’. ही टेकडी क्रेगेलॅखीची. या नावाचे दोन कडे आहेत, एक ॲव्हिमोरपाशी आणि दुसरा स्पेच्या खालच्या अंगाला फिडिख नदी मिळते तेथे. ग्रँटांच्या प्रदेशाच्या दोन सीमा त्यांनीच दाखवल्या जात. संकट आले की कड्यावर आग पेटवून माणसे गोळा करायची आणि ‘स्टँड फास्ट, क्रेगेलॅखी’ ही आरोळी ठोकायची. चिन्ह, आरोळी आणि प्रदेशाची सीमा या तिन्ही गोष्टी एकाच टेकडीवर येऊन मिळतात, असे ढालशास्त्रात फार वेळा घडत नाही.

ही आरोळी कॅनडापर्यंतही गेली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे पैशाअभावी बंद पडू पाहत असताना जॉर्ज स्टीफन यांनी आपले भागीदार डोनाल्ड स्मिथ यांना तारेने तीच कळवली, कारण दोघेही ईशान्य स्कॉटलंडचे होते आणि तिचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नव्हती. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी त्या लोहमार्गाचा शेवटचा खिळा ब्रिटिश कोलंबियात जेथे ठोकला गेला, त्या ठिकाणाचे नाव क्रेगेलॅखी आहे.

२७ जून

चौकटीचा निकाल लावणारा दिवस. स्कॉटलंडमध्ये ढाल आडनावाची नसते, व्यक्तीची असते. १६७२च्या कायद्याने प्रत्येक ढालधारकाला आपली ढाल एडिंबरातील लॉर्ड लायन, म्हणजे ढालींचा कारभार पाहणारे राजाधिकारी, यांच्या दरबारातील नोंदवहीत नोंदवणे बंधनकारक केले, आणि ती नोंदवही आजही चालू आहे. हा दरबार नावापुरता नाही. ते रीतसर न्यायालय आहे आणि नोंद नसलेली ढाल वापरणाऱ्यावर तेथे कारवाई होऊ शकते. वडिलांची ढाल थोरल्या वारसाकडे जशीच्या तशी जाते. धाकट्या मुलांना आणि दूरच्या शाखांना अर्ज करून तीच ढाल थोड्या फरकाने मिळवावी लागते: कधी भोवती वेगळ्या रंगाची किनार, कधी मुकुटांच्या मध्ये आणखी एक आकृती, कधी वेगळा क्रेस्ट आणि वेगळे ब्रीद. मोनिमस्कच्या ग्रँट शाखेचा मूळपुरुष लॉर्ड कलन हा न्यायाधीश होता आणि त्या शाखेच्या क्रेस्टमध्ये टेकडीच्या जागी उघडा ग्रंथ आहे.

मग दुकानांतील चिन्ह काय आहे? पट्टा आणि बकल यांच्या आत कुलप्रमुखाचा क्रेस्ट, भोवती त्याचे ब्रीद. ते घालणारा एवढेच सांगत असतो की मी या कुलप्रमुखाच्या अनुयायांपैकी आहे. जुन्या काळी सेवकाने धन्याचे चिन्ह पट्ट्याला लावण्याची जी पद्धत होती, तिचा हा अवशेष. स्वतः कुलप्रमुख आपला क्रेस्ट पट्ट्याशिवाय वापरतो आणि त्यामागे गरुडाची तीन पिसे लावतो. म्हणजे ज्याला लोक हौसेने ‘आमचे घराण्याचे चिन्ह’ म्हणतात, ते नियमाप्रमाणे दुसऱ्याचे आहे आणि ते घालणे ही निष्ठेची कबुली आहे.

याखेरीज कुळाची वनस्पतीही असते. ग्रँटांची पाइनची डहाळी. ती टोपीत खोवली जाई. आपल्याकडील देवकाशी तुलना करण्याचा मोह झाला, कारण तेथेही झाडाची डहाळी कुळाची ओळख सांगते. पण देवक विवाहसंबंध ठरवताना पाहिले जाते आणि पाइनच्या डहाळीला तसला कोणताही अर्थ नाही, म्हणून साम्य येथेच संपते.

४ जुलै

आडनाव म्हणजे अखंड वंश, हा समज मोडण्यासाठी फलकावर एखादे ठळक उदाहरण हवे होते. कुलप्रमुखाच्या घरातच ते सापडले.

लुडोविकचा मुलगा जेम्स ग्रँट याचा विवाह १७०२मध्ये लस या ठिकाणच्या कॉहून घराण्याच्या वारसदार ॲनशी झाला. तिच्या वडिलांनी इस्टेटीच्या दस्तात अट घातली की जावयाने कॉहून नाव घ्यावे आणि लसची इस्टेट ग्रँटच्या इस्टेटीत कधीही मिसळू नये. त्याप्रमाणे १७१८मध्ये सासऱ्याच्या मृत्यूनंतर जेम्स ग्रँट कॉहून झाला. पुढल्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ निपुत्रिक वारला आणि ग्रँटची इस्टेट त्याच्याकडे आली. तेव्हा त्याने कॉहून नाव सोडून पुन्हा ग्रँट नाव घेतले आणि लसची इस्टेट मुलाकडे गेली. एकच माणूस वर्षभरात दोन आडनावांचा आणि दोन ढालींचा मालक झाला, आणि कॉहून घराण्याशी तर त्याचा रक्ताचा काडीमात्र संबंध नव्हता. तेथे सारे दस्तातील कलमांनी घडवले.

१८११मध्ये असेच पुन्हा झाले. आजीच्या बाजूने सीफील्डची अर्लपदवी सर लुईस ग्रँट यांच्याकडे आली आणि नावात ओगिल्वी शिरले. पुढे १९१५मध्ये सीफील्डचे अकरावे अर्ल पहिल्या महायुद्धात मारले गेले. स्त्रियांना मिळू शकणारी अर्लपदवी त्यांच्या मुलीकडे गेली, तर स्ट्रॅथस्पेची बॅरनपदवी आणि कुळाचे प्रमुखपद भावाकडे. बॅलिंडॅलॉखच्या ग्रँट शाखेतील जनरल जेम्स ग्रँट १८०६मध्ये वारल्यावर इस्टेट त्यांच्या बहिणीच्या वंशातील जॉर्ज मॅकफर्सन यांना मिळाली आणि ते मॅकफर्सन-ग्रँट झाले. जोडनाव दिसले की आधी इस्टेट शोधावी, हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

१० जुलै

रॉबर्ट ग्रँट यांची शाखा. हे कुटुंब ग्लेन अर्कहार्टमधील श्यूग्लीच्या ग्रँटांचे, म्हणजे १५०९च्या सनदेने कुळाकडे आलेल्या पश्चिम टोकाचे. पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या १७४५-४६च्या उठावात कुलप्रमुखाचे घर सरकारच्या बाजूने झुकलेले राहिले. अर्कहार्ट आणि ग्लेनमॉरिस्टनमधील ग्रँट मात्र राजपुत्र चार्ल्स स्ट्युअर्टच्या झेंड्याखाली लढले. पराभवानंतर कुलप्रमुखाच्या मुलावर भरवसा ठेवून त्यांतील अनेक जण शरण आले आणि त्यांना कैद करून कॅरिबियन बेटांकडे पाठवण्यात आले. ‘पाय रोवून उभे राहा’ हे ब्रीद या खोऱ्यात कसे ऐकले गेले असेल, याचा विचार चिन्ह लावण्याआधी केलेला बरा.

रॉबर्ट यांचे आजोबा अलेक्झांडर ग्रँट राजपुत्राच्या बाजूने लढले आणि उठाव मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईच्याच वर्षी, १७४६मध्ये, जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी चार्ल्स ठेवले. हा बंडखोराचा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. त्यांचे दोन मुलगे बंगालमध्ये जन्मले. थोरले चार्ल्स १८३५मध्ये लॉर्ड ग्लेनेल्ग झाले आणि त्याच वर्षी धाकटे रॉबर्ट मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ज्यूंना नागरी हक्क मिळावेत यासाठी १८३०मध्ये विधेयक मांडणारे तेच. जुलै १८३८मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचा मृत्यू झाला आणि पुण्याच्या सेंट मेरी चर्चमध्ये दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून उभे राहिलेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५मध्ये सुरू झाले. भाऊ दाजी लाड हे त्याच्या पहिल्या तुकडीतले.

१६ जुलै

जेम्स ग्रँट डफ, जन्म १७८९, बॅन्फ. वडील जॉन ग्रँट ॲबर्डीनशायरमधील किंकार्डिन ओ’नीलचे, आई ईडनच्या डफ घराण्यातील. खडकीच्या लढाईत सहभाग, १८१८पासून साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह यांच्या दरबारी कारभार, १८२६मध्ये मराठ्यांचा इतिहास. हे सगळे मराठी वाचकाला ठाऊक आहे आणि नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्या इतिहासावर केलेली टीकाही. येथे प्रश्न फक्त आडनावाचा. साताऱ्यात असताना ते जेम्स ग्रँट होते. स्कॉटलंडला परतल्यावर १८२५च्या सुमारास आईकडून ईडनची इस्टेट आली आणि नावाला डफ जोडले गेले. वहीच्या पहिल्या पानावरचा नियम पुन्हा लागू पडला.

डफ हे गेलिक ‘दुव्ह’पासून आलेले, अर्थ काळा. त्यांची ढाल हिरवी. मधोमध नागमोडी दातेरी अर्मिन (पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला) पट्टा, वर हरणाचे समोरून दिसणारे मुख, खाली दोन सोनेरी शिंपले. बॅन्फमध्ये थोर झालेले फाइफचे अर्ल याच घराण्याचे. पदवी मिळाल्यावर त्यांनी ढालीच्या पहिल्या आणि चौथ्या भागात सोन्यावर लाल सिंह घेतला, म्हणजे मध्ययुगीन फाइफच्या मॅकडफ अर्लांचे चिन्ह. आपण त्यांचेच वंशज आहोत, हा दावा असा कागदावर न मांडता थेट ढालीवर मांडला गेला.

२१ जुलै

चौकटीचा निर्णय. रॉबर्ट ग्रँट यांच्या किंवा ग्रँट डफ यांच्या नावाशेजारी कोणतेही चिन्ह येणार नाही. तीन मुकुटांची ढाल फलकाच्या मध्यभागी, जमिनीच्या परिच्छेदाजवळ येईल आणि तिच्याखाली ‘ग्रँट कुलप्रमुखाची ढाल’ एवढेच शब्द असतील. पेटलेली टेकडी क्रेगेलॅखीच्या मजकुराबरोबर, पट्टा-बकल वगळून. अंतिम मजकुरातील कळीची वाक्ये अशी: ‘मुंबईत ज्यांचे नाव राहिले ते रॉबर्ट ग्रँट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ यांचे आडनाव एक असले, तरी शाखा वेगळ्या होत्या. एकाचे घराणे अर्कहार्टच्या खोऱ्यातील, तर दुसऱ्यांच्या नावातील डफ हे आईकडून आलेल्या इस्टेटीचे.’

चित्रकाराला सूचना पाठवल्या: मुकुट कडे आणि सुळक्यांचेच, मोती नकोत, लालावर कोणतीही नक्षी नको.

पुढचा फलक एल्फिन्स्टन घराण्याचा. ते आडनाव ईस्ट लोदियनमधील जमिनीवरून आले आहे, म्हणून तेथे क्रम उलटा लावावा लागेल: आधी गाव, मग माणसे. दोन्ही फलक जोडणारा दुवा हातात आहेच. ग्रँट डफ यांनी आपल्या मुलाचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवले होते आणि तो १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता.